मोबाइलच्या आरशात नटताना

‘ताई, मोबाइलवर तीच साडी माझ्या अंगावर किती झुळझुळीत दिसत होती! घरी आली, नेसले, तर पुठ्ठ्यासारखी उभी राहिली. आता दुकानदार परत घेत नाही.’

‘फोटोत बारीक भुवया छान दिसल्या म्हणून पार्लरमध्ये जाऊन तशाच केल्या. आता आरशात बघवत नाही.’

‘कपडे घालून बघायला फोटो दिला होता, तो त्या अ‍ॅपकडे राहिला का?’

‘मला साडीत स्वतःला एकदा बघायचंय. पण घरात कुणाला सांगता येत नाही.’

या चार प्रश्नांपैकी एखादा तरी तुमच्या मनात येऊन गेला असेल. सप्टेंबर २०२५मध्ये गुगल जेमिनीच्या ‘नॅनो बनाना’ या चित्र रचणाऱ्या साधनातून शिफॉन साडीतले, वाऱ्यावर केस उडणारे फोटो घरोघरी तयार झाले, तेव्हापासून तर हे प्रश्न फारच वाढले. हौस चांगलीच आहे. दुकानात ढिगाने साड्या उलगडायला लावून काहीच न घेता उठायचा संकोच इथे नाही, फुकटात शंभर रूपं बघता येतात. फक्त या आरशाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे ठाऊक हवं. रंग आणि एकूण ठसा त्याला विचारा. माप, पोत आणि टिकाऊपणा विचारू नका.

आधी मनातला शब्द पकडा

अ‍ॅप उघडून नुसती चित्रं सरकवत बसलात तर तासाभराने डोकं जड होईल आणि ‘कार्ट’ही. त्याऐवजी आधी एक शब्द ठरवा. आपल्या भाषेत रूपाला शब्दांची कमी नाही: सोज्वळ, ठसठशीत, नाजूक, नखरेल, रुबाबदार, करारी, अल्लड, साधंसुधं. आज यातलं कोणतं व्हावंसं वाटतंय?

हा शब्द रोज वेगळा असू शकतो, एकाच दिवसात दोनही असू शकतात. सकाळच्या बैठकीला करारी, संध्याकाळी हळदीकुंकवाला नखरेल. बाईपणाचा एकच साचा नाही. नऊवारी नेसून बुलेट चालवणारी आणि जीन्सवर नथ घालणारी, दोघीही आपापल्या शब्दाला जागतायत.

शब्द ठरला की त्याला तीन गोष्टी जोडा, जास्त नाही:

- एक रंग: जांभळा, मोरपंखी, हळदी, राखाडी, पांढरा.
- एक आकार: चापूनचोपून नेसलेलं, सैल, लांब बाह्यांचं, बंद गळ्याचं.
- एक ठळक वस्तू: चंद्रकोर टिकली, मोठे झुमके, गजरा, जाड काठाचा चष्मा, लाल नखं.

आता हीच तीन उत्तरं घेऊन मोबाइलच्या आरशासमोर बसा.

आरसे दोन प्रकारचे, कामंही दोन

*पहिला : चालू कॅमेऱ्याचा.* यात तुम्ही मान वळवली की लिपस्टिक, चष्मा, कानातलं तुमच्याबरोबर वळतं. कॅमेरा डोळे, ओठ, नाक यांचे बिंदू शोधून त्यावर वस्तू चढवतो. सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र मनावर घेतलं आहे. लॉरियाल कंपनीने तर २०१८मध्ये याच कामातली मोडिफेस ही कंपनी विकत घेतली. लिपस्टिकची छटा, चष्म्याची चौकट, नथीचा आकार, टिकली ही कामं या आरशाला द्या. तुलनेने तो भरवशाचा आहे.

*दुसरा : चित्र रचणारा.* तुमचा फोटो आणि कपड्याचा फोटो दिला की तो तिसरंच नवं चित्र तयार करतो. हे चित्र म्हणजे अंदाज. कापड अंगावर कसं पडेल हे त्याने मोजलेलं नसतं. बहुतेक साधनांत ‘एम’ निवडा की ‘एक्सएल’, चित्र तेच येतं. माझ्या अनुभवात नऊवारी मागितली तर काष्टा गायब होतो आणि कधी घागरा, कधी सहावारी पुढे येते. खणाचा ब्लाऊज मागितला तर नुसते ठिपके. म्हणून या आरशाकडून ‘मी या रंगात, या ढबीत कशी वाटेन?’ एवढंच उत्तर घ्या.

एक धोका दोन्हीकडे आहे. बरीच साधनं न सांगता त्वचा गुळगुळीत करतात, चेहरा उजळवतात, कंबर बारीक करतात. तपासायला सोपी खूण म्हणजे तुमचा एखादा तीळ किंवा व्रण. तो चित्रात आहे का बघा. नसेल तर ते रूप तुमचं नाही, त्यावरून काही विकत घेऊ नका.

फोटो कसा काढावा

फोटो वाईट असेल तर पुढचं सगळंच चुकतं. दहा मिनिटं द्या:

1. दिवसा, खिडकीकडे तोंड करून उभे राहा. ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा दोन्ही बंद.
2. मोबाइलमधला ‘ब्यूटी’ पर्याय बंद करा. पडद्याचा रात्रीचा पिवळसर प्रकाशही बंद करा, नाहीतर पांढरंसुद्धा मोतिया दिसेल.
3. हातात एक कोरा पांढरा कागद धरा. फोटोत तो पांढराच दिसला तर रंगावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.
4. अंगाबरोबरचे, एकरंगी, पूर्ण कपडे घाला. घोळदार गाऊनवर चढवलेली साडी फसवतेच. पण म्हणून कमी कपड्यांतला फोटो कधीही देऊ नका. त्याची गरज नसते.
5. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, सहा-सात फुटांवर ठेवा. वरून घेतलेल्या सेल्फीत पाय आखूड दिसतात.
6. मागे कोरी भिंत असू द्या. देवघर, घराच्या नंबराची पाटी, मुलांचा शाळेचा गणवेश फोटोत येता कामा नये.

नटण्याचा क्रम : धुऊन निघतं ते आधी

भुवयांची तक्रार याच ठिकाणी टळली असती. पडद्यावर प्रत्येक बदल एका टिचकीने मागे घेता येतो, शरीरावर येत नाही. म्हणून जे लवकर निघतं ते आधी करून बघा:

- मिनिटांत निघणारं: टिकली, काजळ, लिपस्टिक, चापाची नथ, केसांची वेगळी बांधणी. भरपूर खेळा.
- काही दिवस राहणारं: नेलपॉलिश, मेंदी.
- काही आठवडे राहणारं: भुवया कोरणं, वॅक्सिंग. पार्लरमध्ये ‘फक्त आकार द्या, बारीक करू नका’ असं बसण्याआधी सांगा. दोरा लागल्यावर सांगून उपयोग नाही.
- काही महिने राहणारं: केस कापणं, रंगवणं, कायमचे सरळ करणं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस कानाशी आले तर परत खांद्यावर यायला वर्ष तरी जाईल.

महिन्यांच्या यादीतला बदल पडद्यावर आवडला तर तो फोटो जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. तेव्हाही तितकाच आवडला तर पार्लरची वेळ घ्या.

केसांचा रंग कोणताही असो, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही. ‘काळी मेंदी’ या नावाने अंगावर काढतात त्यापासून विशेष जपा. त्यात बऱ्याचदा केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं आणि त्याने फोड येऊ शकतात. खरी मेंदी नारिंगी ते गडद तपकिरी रंगते, कोळशासारखी काळी कधीच नाही. प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत नसेल तर ती वस्तू स्वस्त असली तरी नको.

पडद्याला काय कळत नाही

गेल्या श्रावणात मी स्वतः फसले. हळदी रंगाची, लाल काठांची खणाच्या विणीची साडी पडद्यावर माझ्या अंगावर जॉर्जेटसारखी ओघळत होती. मनातला शब्द ‘नाजूक’ होता, तो तिथे शंभर टक्के जमला होता. पार्सल उघडलं तर खळ लावलेलं कापड, हातात धरलं की घडीवर उभं राहणारं. निऱ्या घातल्या त्या पोटाशी पंख्यासारख्या फुलल्या. पदर खांद्यावर टिकेना. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी काठ चिमटीत धरून चुरगळला आणि म्हणाल्या, ‘दोन धुण्यांनी वठणीवर येईल, आज नको नेसूस.’ दोन धुण्यांनी खळ उतरली, साडी खरंच वठणीवर आली. पण नाजूक नाही झाली. ती ठसठशीतच आहे आणि आता मनात तो शब्द असेल त्याच दिवशी मी तिला काढते. चूक साडीची नव्हती, मी पडद्याला कापडाबद्दल विचारलं ही माझी.

पडद्याला न कळणाऱ्या गोष्टींची यादी जवळ ठेवा:

- वजन आणि पडणं: शिफॉन, जॉर्जेट ओघळतं. ऑर्गंझा, खण, खळीचं सुती कापड उभं राहतं. वर्णनात कापडाचं नाव नसेल तर विचारा, सांगत नसतील तर सोडा.
- धूपछाव: बऱ्याच पैठण्यांत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून हलली की रंग बदलतो. स्थिर फोटोत यातला एकच रंग येतो. विक्रेत्याकडे दिवसाच्या उजेडातला, साडी हलवून दाखवणारा व्हिडिओ मागा.
- उलटी बाजू: हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचं नक्षीकाम मागूनही जवळपास तितकंच नेटकं दिसतं. मागे धागे लोंबत असतील तर सावध व्हा. उलट्या बाजूचा फोटो मागायला लाजू नका. शुद्ध रेशीम म्हणून किंमत लावली असेल तर ‘सिल्क मार्क’चं लेबल आहे का, हेही विचारा.
- टोचणं, घाम, आवाज: जरीचा काठ कमरेला टोचतो का, कापड सळसळतं का, हे फक्त अंगच सांगतं.

कपाटातली चाचणी

पैसे भरण्याआधी एक चाचणी घरातच करा. पडद्यावर जे रूप आवडलं त्याच्या जवळचं रूप स्वतःच्या कपाटातून उभं करा. रंग जुळत नसेल तर त्या रंगाची ओढणी किंवा चादरसुद्धा खांद्यावर टाकून खिडकीशी उभ्या राहा. बंद गळा आवडला असेल तर कुर्त्याची वरची बटणं लावून बघा. मोठे झुमके मैत्रिणीकडून एक संध्याकाळ आणा.

मग त्याच वेशात अर्धा तास घरातली कामं करा. पोळ्या लाटा, फोन घ्या, खाली बसून उठा. रूप आवडलं पण अर्ध्या तासात काढून टाकावंसं वाटलं, तर ते फोटोपुरतं ठीक होतं. पैसे वाचले.

मागवण्याआधी : माप आणि अटी

- कुर्ता: स्वतःला मोजण्यापेक्षा अंगाला उत्तम बसणारा जुना कुर्ता जमिनीवर पसरून मोजा. काखेपासून काखेपर्यंतचं माप दुप्पट केलं की छातीचा घेर. दुकानाच्या तक्त्यातलं माप कपड्याचं आहे की शरीराचं, हे आधी बघा. कपड्याचं असेल आणि कापड न ताणणारं असेल, तर तो घेर तुमच्या शरीराच्या मापापेक्षा दोन ते चार इंच जास्त असायला हवा.
- साडी: लांबी ब्लाऊजपीस धरून दिली आहे की सोडून? साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटर असा हिशेब असतो, म्हणून ‘६.३ मीटर’ लिहिलेलं दिसतं. नुसतं ‘५.५ मीटर, ब्लाऊजपीससह’ लिहिलं असेल तर निऱ्या कमी पडतील. उंच असाल तर पन्हाही विचारा. लांब बाह्यांचा ब्लाऊज हवा असेल तर आधी शिंप्याला विचारा, ८० सेंटिमीटर पुरेलच असं नाही.
- खर्च: पिको, फॉल, ब्लाऊजची शिलाई, अस्तर धरून एकूण किंमत काढा. स्वस्त साडी बरेचदा इथे महाग पडते.
- परतीची अट: किती दिवसांत, पैसे परत की फक्त बदली, परत पाठवण्याचा खर्च कुणाचा? आतले कपडे, उघडलेली प्रसाधनं, मापाने शिवलेले कपडे बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वर्णन नंतर बदलू शकतं.
- घाईचे सापळे: ‘फक्त दोन शिल्लक’, ‘वेळ संपतेय’, न विचारता टोपलीत घुसलेली वस्तू, ‘नको, मला सुंदर दिसायचं नाही’ असं टोचणारं बटण. ग्राहकांना फसवणाऱ्या अशा १३ प्रकारच्या युक्त्यांवर केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे.

बिघडलं तर : तुमचे हक्क

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. ‘मला शोभली नाही’ हे कायद्याच्या दृष्टीने वस्तूतलं वैगुण्य नाही. तिथे दुकानाच्या अटीच चालतात. पण पुढच्या चार बाबतींत विक्रेत्याला नकार देता येत नाही:

1. वस्तू सदोष आहे: फाटकी, डाग पडलेली, शिवण उसवलेली.
2. वस्तू बनावट आहे.
3. वर्णनात दिलं तसं नाही: रेशीम सांगून पॉलिस्टर, ६.३ मीटर सांगून साडेपाच.
4. सांगितलेल्या तारखेनंतर आली. लग्न उरकल्यावर आलेला शालू काय कामाचा? अपवाद फक्त पूर, संप अशा अपरिहार्य कारणांचा.

हे २०२०च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानालाही सुटका नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून सदोष माल नाकारणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.

तक्रारीच्या पायऱ्या:

- पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. कायद्याने तो सक्तीचा नाही, पण वाद मिटवायला बरा. टॅग काढू नका.
- संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो.
- नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन करा.
- तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही.

फोटो तुमचा, परवानगीही तुमची

चालू कॅमेऱ्याच्या काही साधनांत चेहरा मोबाइलमध्येच वाचला जातो. चित्र रचणाऱ्या साधनांत फोटो बहुधा कंपनीच्या संगणकावर जातो. फोटो देण्याआधी बघा:

- फोटो किती दिवस ठेवणार? साधन शिकवण्यासाठी वापरणार का? हे अटींमध्ये सापडत नसेल तर ते साधन नको.
- पूर्ण गॅलरीची परवानगी देऊ नका, निवडलेल्या एकाच फोटोची द्या.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या अनोळखी दुव्यावरून अ‍ॅप उतरवून घेऊ नका.
- मैत्रिणीचा, सुनेचा, मुलीचा फोटो तिला विचारल्याशिवाय चढवू नका. हौस आपली असली तरी चेहरा तिचा आहे.
- झाल्यावर आधी खातं आणि फोटो पुसण्याचा पर्याय वापरा, मग अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढल्याने तिकडचा फोटो जात नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण फोटो पुसा, असं ई-मेलने सांगायला आजही कुणाची हरकत नाही. त्या ई-मेलची प्रत ठेवा.

कुणी तुमच्या फोटोशी अश्लील छेडछाड केली तर घाबरून संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट आणि दुवे जपा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांसंबंधी गुन्ह्यांत तिथे नाव न देताही तक्रार होते. ज्या समाजमाध्यमावर फोटो आला त्यालाही लगेच कळवा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीच असे बनावट फोटो हटवायला २४ तासांची मुदत घातली. पैसे मागत असतील तर देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही.

घरात सांगता येत नसेल तर

चौथा प्रश्न विचारणारे सगळे बायकाच नसतात. कुणाला जन्मापासून दिलेलं नाव आणि कपडे आपले वाटत नाहीत, कुणाला फक्त एकदा स्वतःला पदरात बघायचं असतं. या इच्छेत लाज वाटण्यासारखं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या नालसा निकालात, आपली लिंगओळख पेहरावातून आणि वागण्यातून व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला आहे.

तुमच्यासाठी मोबाइलचा आरसा इतरांपेक्षा जास्त मोलाचा आहे, म्हणून जपणूकही जास्त हवी:

- फोटो आपोआप घरच्या सामायिक क्लाउडवर किंवा टीव्हीवर जात नाहीत ना, हे आधी तपासा. कुलूपबंद फोल्डर वापरा.
- चेहरा न देता मानेपासून खालचा फोटो चालत असेल तर तोच द्या.
- सुरुवात टिकली, काजळ, एखाद्या ओढणीने करा. धुऊन निघतं ते आधी, हा नियम इथेही तोच.
- मन फार भरून आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोन विनामूल्य आहे.

या रविवारचा एक तास

पहिली पंधरा मिनिटं शब्द ठरवा आणि खिडकीशी फोटो काढा. पुढची पंधरा मोबाइलच्या आरशासमोर, तीनच रूपं. उरलेला अर्धा तास कपाटासमोर, त्यातलं एक रूप अंगावर घेऊन, घरातली कामं करत. मोबाइल बाजूला उपडा ठेवा. अर्ध्या तासाने ते काढून ठेवावंसं वाटलं नाही, तर निर्धास्त मागवा. मागवण्याआधी फक्त काठ कसला आहे तेवढं विचारून घ्या. आमच्या सासूबाई शेजारी असतील तर त्यांना तो चिमटीत धरूनच बघावा लागतो.